सगुणाबाईंचा आवाज

तेजस्वीला वर्ग सुरू करायला निदान दहा बायका हव्या होत्या आणि नावं आली होती नऊ. दहावं नाव सगुणाबाईंचं पडलं, तेही त्यांना न विचारता. हफीजानं परस्पर लिहून टाकलं.

"अगो, पण मी काय करू तिथं? छप्पन्न वर्षांची बाई मी!" सगुणाबाई म्हणाल्या.

"मी त्रेपन्नाची. तिथं काय आपलं लग्न जमवायचंय?" हफीजानं मशीनवरचा ब्लाऊज बाजूला ठेवला. "उद्या पाच वाजता. साडी नको, ड्रेस घाल. नसला तर मी शिवून देते."

दोघी मांडवीत एकाच आळीत राहत. हफीजाचा नवरा हारुन जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. ती घरीच, रस्त्याकडच्या खिडकीशी मशीन टाकून शिवणकाम करायची. सगुणाबाई गावातल्या एका वाचनालयात एकतीस वर्षं नोकरीला. पुस्तकांवर नंबर टाकायचे, कपाटात लावायची आणि कोणी बोलायला लागलं की बोट ओठांवर ठेवायचं. इतकी वर्षं हळू बोलून त्यांचा आवाज एवढा बारीक झाला होता, की बाजारात मासेवाली दोनदा "काय?" म्हणून विचारायची. घरी कुकर लावलेला असला, की त्यांचा नवरा गुरुप्रसाद आधी टीव्ही बंद करायचा आणि मग त्यांचं म्हणणं ऐकायचा.

तेजस्वी सव्वीस वर्षांची, एका शाळेत खेळाची शिक्षिका. ज्युदोत राज्य पातळीपर्यंत गेलेली. किनाऱ्याजवळच्या मंडळाच्या हॉलमध्ये दहा दिवसांचा स्वसंरक्षणाचा वर्ग तिनं ठरवला होता. पहिल्या दिवशी सगळ्या बायका ओढण्या कमरेला बांधून, लाथा मारायच्या तयारीनं आल्या. तेजस्वीनं त्यांना सतरंजीवर बसवलं.

"मारामारी सगळ्यात शेवटी," ती म्हणाली. "आधी अंतर. अनोळखी माणूस बोलायला आला तर दोन हात लांब ठेवा. तो एक पाऊल पुढं आला तर तुम्ही एक पाऊल मागं. मग आवाज. आणि आवाज ऐकून माणसं येतात, त्यांच्याकडं पळायचं. पर्स मागितली तर पर्स फेकून द्या. पर्स दुसरी घेता येते."

"मग लाथ कधी मारायची?" हफीजानं विचारलं.

"पळता येत नसेल तेव्हा."

हफीजाचं तोंड जरा उतरलं.

मग एकेकीनं उभं राहून ओरडायचं होतं. दोन्ही हात छातीसमोर, तळवे उघडे, एक पाय मागं आणि पोटातून आवाज, "मागे व्हा!" हफीजाच्या ओरडण्यानं हॉलच्या पत्र्यावरचे कावळे उडाले. सगळ्या हसल्या. मग सगुणाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "मागे व्हा."

"काकी," तेजस्वी हसू दाबत म्हणाली, "तुम्ही त्याला रांगेत उभं राहायला सांगताय."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. त्या घरी जाऊन न्हाणीघरात नळ सोडून प्रयत्न करायच्या, पण घशाशी आलं की आवाज आपोआप बारीक व्हायचा. त्यांना मनापासून वाईट वाटायला लागलं. आपल्याला एवढीही गोष्ट येऊ नये?

हात सोडवणं मात्र त्यांना पहिल्या झटक्यात जमलं. तेजस्वीनं त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि समजावलं, "धरणाऱ्याच्या चार बोटांशी भांडू नका, तिथं तो जिंकतो. त्याचा अंगठा एकटा असतो. अंगठ्याच्या बाजूला मनगट वळवा, कोपर दुमडून त्याच्याकडं न्या आणि झटक्यात ओढा." सगुणाबाईंनी वळवलं, ओढलं आणि हात मोकळा! त्यांना खरंच वाटेना. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मग हफीजाला धरायला लावलं, मग घरी गुरुप्रसादला. तो चहा पीत होता, त्याचा चहा सांडला. "अहो, आणखी घट्ट धरा," असं म्हणत त्यांनी त्या संध्याकाळी नवऱ्याला वीस वेळा हात धरायला लावला. लग्नानंतर एवढ्या वेळा त्यानं हात धरल्याचं दोघांनाही आठवेना.

पाचव्या दिवशी तेजस्वीच्या ओळखीच्या एक पोलीस बाई वर्गाला आल्या. त्यांनी एकशे बारा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घालून घेतला आणि जाता जाता म्हणाल्या, "एक गोष्ट लक्षात ठेवा. खरा पोलीस रस्त्यात उभं करून कोणाचेही दागिने काढायला सांगत नाही. कधीच नाही. कोणी सांगितलं तर तो चोर." आणि तेजस्वीनं भर घातली, "नुसतं वाचवा-वाचवा ओरडू नका. लोक घाबरून खिडकी लावून घेतात. काय होतंय ते सांगा आणि कोणाला तरी नावानं हाक मारा. नाव घेतलं की माणसाला यावंच लागतं."

सहाव्या दिवशी, बुधवारी, सकाळी साडेनऊला सगुणाबाई वाचनालयात जायला निघाल्या. फेब्रुवारीतलं ऊन अजून कोवळं होतं. आळीच्या पुढच्या तोंडाशी विनोदचा बर्फाचा टेम्पो उभा होता. जेट्टीवर न्यायच्या लाद्या तो मागच्या बाजूनं हलवत होता. नेहमीप्रमाणे त्या तिकडूनच चालल्या होत्या. पण मधल्या वळणावर, जिथं चिऱ्याच्या दगडांचा उंच गडगा, कुंपणाची भिंत आहे आणि घरांची दारं दुसऱ्या बाजूला आहेत, तिथं त्यांना आप्पा दिसले.

आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं जहाजाच्या इंजिनात काढलेली, जगातली सगळी बंदरं तोंडपाठ. वाचनालयाचं दार उघडलं की पहिला पेपर त्यांच्याच हातात जायचा. ते गडग्याला टेकून उभे होते. समोर एक काळी मोटरसायकल, तिच्यावर हेल्मेट घातलेला एकजण. दुसरा खाली उभा. खाकी पँट, पांढरा शर्ट, पोलिसी कातरलेले केस, हातात कसलंसं कार्ड. आणि तिसरा, चांगला इस्त्रीचे कपडे घातलेला गृहस्थ, आपल्या गळ्यातली चेन काढून खाकीवाल्याला देत होता.

"बघा आजोबा, हे साहेब समजूतदार आहेत," खाकीवाला म्हणत होता. "सकाळीच पुढं एकाला सुरा दाखवून लुटलंय. वरून ऑर्डर आहे. दागिने कागदात बांधून खिशात ठेवायचे, घरी जाऊन घालायचे."

त्यानं चेन कागदात गुंडाळून त्या गृहस्थाला परत दिली. आप्पा थुंकी लावून बोटातली अंगठी काढत होते. बायकोनं दिलेली अंगठी. ती जाऊन सहा वर्षं झाली तरी त्यांनी कधी उतरवली नव्हती.

सगुणाबाई जागच्या जागी थांबल्या. खरा पोलीस कधीच नाही. हे वाक्य डोक्यात असं वाजलं, जणू त्या बाई शेजारी उभ्या आहेत. त्यांच्यात आणि आप्पांत दहाएक पावलांचं अंतर होतं.

"आप्पा, अंगठी देऊ नका," त्या म्हणाल्या.

आप्पांना ते ऐकू गेलंच नाही. अंगठी निघाली. खाकीवाल्यानं ती कागदावर ठेवली, हाताची कायशी हालचाल केली, पुडी वळली आणि आप्पांच्या खिशात घातली. आणि त्याच क्षणी त्याचा दुसरा हात मागं गेला आणि त्या इस्त्रीवाल्या गृहस्थाच्या मुठीला लागला. सगुणाबाईंनी ते अगदी स्पष्ट पाहिलं.

खाकीवाल्यानं मान वळवली आणि त्या त्याला दिसल्या.

"या मावशी, तुम्हीही या," तो हसत जवळ यायला लागला. "गळ्यातलं काढून ठेवा. पुढं धोका आहे."

सगुणाबाईंचे हात आपोआप छातीसमोर आले. तळवे उघडे, एक पाय मागं. "मागे व्हा," त्या म्हणाल्या. आवाज तसाच, बारीक. तो थांबला नाही. "अहो, पोलीस आहे मी. घाबरता काय?" असं म्हणत त्यानं त्यांचं उजवं मनगट पकडलं. घट्ट. बांगडी हाडात रुतली.

पुढचं सगळं त्यांच्या हातानं केलं, त्यांनी नाही. अंगठ्याच्या बाजूला मनगट वळलं, कोपर पुढं गेलं आणि खाडकन हात सुटला. एक बांगडी फुटून खाली पडली. तो माणूस आपल्या रिकाम्या हाताकडं बघतच राहिला. छप्पन्न वर्षांच्या, चष्मा लावलेल्या बाईकडून त्याला हे अपेक्षितच नव्हतं.

आणि तेव्हा तो आवाज आला.

"हफीजा!"

आपण ओरडलो, हे त्यांना आधी कळलंच नाही. कोणीतरी दुसरंच ओरडतंय असं वाटलं. पोटातून, पायातून, कुठून कुठून तो आवाज वर आला आणि गडग्यावर आपटून आळीभर गेला.

"हफीजा! चोर! खोटे पोलीस! आप्पांची अंगठी घेतली! काळी मोटरसायकल!"

वळणापलीकडं हफीजाच्या मशीनची खडखड थांबली. खिडक्या धडाधड उघडल्या. खाकीवाला मागच्या मागं धावला आणि मोटरसायकलवर चढला. चालवणाऱ्यानं गाडी वळवली आणि टेम्पोच्या दिशेनं सोडली.

"विनोद! टेम्पो आडवा घाल! विनोद, चोर आहेत! सोडू नको!"

विनोद बर्फाच्या लादीला आकडा लावून उभा होता. आपलं नाव कोण घेतंय ते त्याला कळेना, कारण सगुणाबाईंचा असा आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता. पण नाव घेतलं होतं. त्यानं लादी तशीच रस्त्यात सोडली, उडी मारून आत बसला आणि टेम्पो मागं घेतला. रस्ता बंद! मोटरसायकलवाल्यानं करकचून ब्रेक दाबला, बर्फाच्या पाण्यावर चाक सरकलं आणि गाडी दोघांना घेऊन आडवी झाली. हेल्मेटवाला उठला, गडग्यावरून उडी टाकून कोणाच्या तरी माडाच्या बागेतून पळत सुटला. खाकीवाल्याचा पाय गाडीखाली अडकला होता. तोवर विनोद, दोन खलाशी आणि मागून हातातली मापाची टेप गळ्यात टाकत धावत आलेली हफीजा, सगळे त्याच्याभोवती उभे राहिले.

"मारू नका!" हफीजा ओरडली. "धरून ठेवा फक्त. मी फोन लावते." आणि तिनं एकशे बारा फिरवला. पत्ता इतका व्यवस्थित सांगितला की गाडीला कोणाला विचारावं लागलं नाही.

गर्दी जमली. सगुणाबाई आप्पांजवळ गेल्या. आप्पांनी खिशातली पुडी सोडली. आत रस्त्यावरचे दोन खडे होते. त्यांनी ते तळहातावर उलटसुलट करून पाहिले.

"अंगठी त्या पकडलेल्याकडं असेल, काळजी करू नका," कोणीतरी शेजारून म्हणालं. सगुणाबाईंनी वर पाहिलं. तोच इस्त्रीवाला गृहस्थ. गर्दीत मिसळून, हळहळत्या चेहऱ्यानं आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून उभा. "माझीही चेन जाता जाता वाचली हो. काय दिवस आलेत! चला, मला बस गाठायचीय." तो निघाला.

"ह्याला जाऊ देऊ नका!" सगुणाबाई म्हणाल्या. "हा त्यांच्यातलाच आहे!"

सगळे वळून त्याच्याकडं बघायला लागले. तो हसला. "मावशी घाबरल्यात. साहजिक आहे. मी राजापूरला नोकरीला आहे, माझं कार्ड दाखवू का?"

कपडे चांगले, बोलणं गोड. लोकांची चलबिचल झाली. एकजण म्हणाला, "जाऊ द्या हो, सज्जन माणूस दिसतो." आप्पासुद्धा पुटपुटले, "यांनी तर आपली चेन आधी काढून दिली."

सगुणाबाईंनाही शंका आली. आपलंच चुकलं असेल तर? एका भल्या माणसाला चार लोकांत चोर म्हटलं तर? पण त्यांनी ती मूठ पाहिली होती.

"मी बघितलंय," त्या म्हणाल्या. आवाज बसला होता, पण ह्या वेळी प्रत्येकाला ऐकू गेला. "अंगठी पुडीत गेलीच नाही. त्याच्या हातातून ह्यांच्या हातात गेली. मी चुकले असेन तर पोलिसांसमोर ह्यांचे पाय धरून माफी मागेन. पाच मिनिटं थांबायला काय हरकत आहे?"

गृहस्थाचं हसू गेलं. त्यानं हफीजाला बाजूला ढकलून वाट काढायचा प्रयत्न केला आणि तिथंच त्याचं चुकलं. हफीजा पहिल्या दिवसापासून ज्याची वाट बघत होती तो प्रसंग आयता चालून आला. तिनं लाथ मारली नाही, नुसती दोन्ही हात पुढं करून, पाय रोवून उभी राहिली आणि असं काही "मागे व्हा!" म्हणाली की तो खरंच मागं झाला, विनोदच्या हातात.

पोलीस दहा मिनिटांत आले. अंगठी त्या गृहस्थाच्या मोज्यात निघाली. शिवाय कोणा बाईच्या कानातल्या कुड्या आणि एक तुटकी साखळी. मोटरसायकल चोरीची होती. हेल्मेटवाला मात्र पळाला तो पळालाच, अजून सापडलेला नाही.

सगळे पांगल्यावर सगुणाबाई हफीजाच्या ओटीवर बसल्या. पाण्याचा पेला धरवेना. त्या हसायला लागल्या, मग रडायला लागल्या, मग पुन्हा हसायला. हफीजानं साखर जास्त घालून चहा केला आणि पेला स्वतः त्यांच्या तोंडाला लावला. "रड गो, रड. मी कोणाला नाय सांगणार." मनगट सुजून निळं झालं होतं. गुरुप्रसादला फोन केला तर तो तीन वेळा एकच म्हणाला, "तू ओरडलीस? तू?"

तेजस्वी शाळेतून धावत आली. तिनं आधी मिठी मारली आणि मग रागावली. "तो जवळ आला तेव्हा मागं का नाही गेलात? पळायचं असं शिकवलंय ना मी?"

"आप्पा होते ना तिथं," सगुणाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून मांडवीत त्यांना चालणं मुश्कील झालं. मासेवाली विचारायची, विनोद टेम्पो थांबवून पुन्हा पुन्हा ऐकायचा. देवरूखहून बहिणीचा फोन आला. वर्गाला पस्तीस बायका जमल्या, सतरंज्या कमी पडल्या. सगुणाबाईंचा घसा चार दिवस बसलेला होता आणि तरी त्यांना इतकं हलकं, इतकं छान कधी वाटलं नव्हतं. चालताना पाऊलसुद्धा वेगळं पडत होतं.

फक्त आप्पा वाचनालयात आले नाहीत. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. पहिला पेपर घडी न मोडता टेबलावर पडून राहिला. शनिवारी दुपारी काम सुटल्यावर सगुणाबाई त्यांच्या घरी गेल्या. आप्पा पडवीत बसले होते, दाढी वाढलेली.

"अंगठी कोर्टातून मिळेल म्हणतात. वेळ लागेल," सगुणाबाई म्हणाल्या.

"अंगठीचं नाही ते." आप्पा अंगणाकडं बघत राहिले. "मी दुनिया बघितली, सगुणाबाई. बंदराबंदरातले ठग बघितले. खलाशांना मी सांगायचो, सावध राहा म्हणून. आणि इथं, माझ्या आळीत, थुंकी लावून स्वतःच्या हातानं काढून दिली. वर त्या दुसऱ्याची बाजूही घेतली. कोणत्या तोंडानं येऊ?"

सगुणाबाई खाली पायरीवर बसल्या. "आप्पा, वर्गात त्या पोलीस बाई आल्या नसत्या ना, तर मीही गळ्यातलं काढून दिलं असतं. शपथेवर सांगते. मला कोणीतरी आधी सांगितलं होतं, तुम्हाला नव्हतं. एवढाच फरक."

आप्पांनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "खरं म्हणता?"

"खरं म्हणते. आणि आता तुम्ही सांगा ना लोकांना. तो कसा बोलला, आधी काय म्हणाला, तुम्हाला पटलं कसं. माझ्याजवळ सांगायला फक्त आवाज आहे. आतली गोष्ट तुम्हालाच ठाऊक."

रविवारी वर्गाचा शेवटचा दिवस होता. आप्पा आले. दाढी केलेली, जुना पांढरा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत. हॉलमध्ये आता पुरुषही होते, दाराशी उभे. आप्पांनी काही लपवलं नाही. तो माणूस 'आजोबा' म्हणाला तेव्हा किती बरं वाटलं, दुसऱ्यानं चेन काढून दिल्यावर आपणच हट्टी ठरू अशी लाज कशी वाटली, पुडी खिशात पडल्यावर त्याला हात जोडून धन्यवाद कसे दिले, सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही.

ते बसले तेव्हा मागच्या रांगेत एक बाई उभी राहिली. मालन तिचं नाव. खालच्या आळीत भाजी विकायची, कधी कोणाशी फारसं बोलायची नाही. तिनं पदर मुठीत धरला होता.

"माझ्या कुड्या," ती म्हणाली. "पोलिसांना त्या मोज्यात सापडल्या त्या माझ्या असतील. आदल्याच दिवशी, मंगळवारी गेल्या. घरात मी सांगितलं, विहिरीत पडल्या म्हणून."

सगुणाबाई उठल्या, बायकांच्या मधून वाट काढत मागं गेल्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"उद्या सकाळी आपण दोघी पोलीस ठाण्यात जाऊ," त्या म्हणाल्या. "तू बोल. मी बरोबर आहे."

मालननं मान हलवली आणि पहिल्यापासून, त्या दिवशी बाजाराला निघाली होती तिथून, सांगायला सुरुवात केली.